मालवाहू तीनचाकीचा मागचा आस : निगा, तपासणी आणि दुरुस्ती

नाशिक जिल्ह्यातील शेतमाल हा नाशवंत माल आहे. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षे, गिरणारे व पिंपळगाव बसवंत येथील बाजारात येणारे टोमॅटो, लासलगावच्या आवारात उतरणारा कांदा, या सर्वांचा पहिला प्रवास शेताच्या बांधापासून डांबरी सडकेपर्यंतचा असतो. हा प्रवास पूर्वी बैलगाडीने होत असे. आज अनेक ठिकाणी तो लहान मालवाहू तीनचाकीने होतो. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी मालगाड्या बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासून ‘टेम्पो’ हा शब्दच मराठीत मालगाडीचे नाव होऊन बसला. त्या वाहनांची जागा पुढे निरनिराळ्या बनावटीच्या तीनचाकी गाड्यांनी घेतली आणि अलीकडे विजेच्या बॅटरीवर चालणारी लहान वाहनेही शिवारात दिसू लागली आहेत.

बैलगाडीचा आख शेतकऱ्याला पाठ होता. त्याला वंगण केव्हा द्यावे, तो कुरकुरू लागला म्हणजे काय समजावे, हे त्यास सांगावे लागत नसे. तीनचाकीचा आस मात्र झाकलेला असतो. तो दिसत नाही म्हणून त्याची आठवण राहत नाही, आणि आठवण होते ती तो मोडल्यावरच. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो : आस सहसा अकस्मात मोडत नाही. तो पुष्कळ दिवस आधी सूचना देतो. आणि एकदा मोडलेला दांडा वेल्डिंगने जोडून पुन्हा कामास लावणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय.

एक पाहिलेली घटना

निफाड तालुक्यातील एका बागाईतदाराच्या बॅटरीवरील गाडीचा मागचा दांडा ऐन द्राक्ष हंगामात मोडला. नवा दांडा येण्यास चार दिवस लागणार होते आणि माल तर वेलीवर तयार होता. जवळच्या एका कारागिराने मोडलेली दोन टोके वेल्डिंगने जोडून, लेथवर साफ करून दिली. गाडी चालू लागली. सर्वांस समाधान वाटले. आठव्या दिवशी पाटाच्या पुलाजवळ तोच दांडा जोडाच्या शेजारी मोडला. या वेळी चाकच दांड्याच्या तुकड्यासह बाहेर निघाले आणि गाडी कलंडली. क्रेटवर दोन मजूर बाया बसल्या होत्या. त्या पाटाच्या कोरड्या बाजूस पडल्या, म्हणून खरचटण्यावर निभावले. द्राक्षे मातीत गेली, त्याचे दुःख त्या दिवशी कोणी केले नाही. चार दिवस वाचविण्यासाठी केलेली दुरुस्ती दोन जीवांवर बेतली असती, एवढे प्रत्येकाच्या ध्यानात आले. मी तो तुकडा मागून घेतला. प्रात्यक्षिकाच्या वेळी आजही तो मी बरोबर नेतो.

मागच्या आसाची रचना

तीनचाकी वाहनांत मागच्या आसाची मांडणी मुख्यतः दोन प्रकारची आढळते. पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवरील पुष्कळ गाड्यांत इंजिन, गिअरपेटी व डिफरन्शियल ही एकत्र मागे बसविलेली असून तेथून दोन आखूड शाफ्ट दोन्ही चाकांस गती देतात. प्रत्येक चाक आपापल्या स्वतंत्र भुजेवर हलते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बॅटरीवरील लहान मालवाहू गाड्यांत सामान्यतः आढळणाऱ्या मांडणीत, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच पोकळ लोखंडी नळी असते. तिला हाउसिंग म्हणतात. ही नळी पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेली असते. तिच्या पोटात डिफरन्शियल आणि त्याच्या दोन्ही अंगांस एकेक दांडा असतो. गॅरेजमध्ये यालाच हाफ शाफ्ट म्हणतात. प्रस्तुत पाठ मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. तथापि बेअरिंग, ऑइल सील व भार यांविषयीचे नियम दोहोंस सारखेच लागू पडतात.

डिफरन्शियल कशासाठी, हे बैलजोडीच्या उदाहरणाने समजेल. नांगर कोपऱ्यावर वळविताना आतला बैल जवळजवळ जागीच फिरतो आणि बाहेरच्या बैलास अधिक पावले टाकावी लागतात. चाकांचेही तसेच आहे. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यास जखडली असती, तर वळणावर एक चाक घासत गेले असते. डिफरन्शियलमधील दात्यांची चक्रे दोन्ही चाकांस जोर देतात, परंतु वेग ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे घेऊ देतात. यातूनच एक लक्षण निर्माण होते. एका बाजूचा दांडा मोडला तर सर्व गती त्या मोकळ्या बाजूकडेच निघून जाते. मोटार फिरते, आवाज येतो, पण गाडी जागची हलत नाही. दुसरा दांडा धड असूनही तो गाडी ओढू शकत नाही.

दांडा का मोडतो?

बैलगाडीचा आख स्थिर असे आणि चाक त्यावर फिरे. तीनचाकीत दांडा स्वतः फिरतो आणि या प्रकारच्या मांडणीत चाकावरील भारही तोच सोसतो. भाराने दांडा किंचित वाकतो. डोळ्यांस दिसणार नाही इतके हे वाकणे असते. फिरताना दांड्याचा जो भाग वर असतो तो अर्ध्या फेऱ्यात खाली येतो, म्हणजे जो ताणला गेला होता तो दाबला जातो. द्राक्षाच्या मांडवाची तार तोडावयाची असता आपण ती ओढून तोडीत नाही. मागेपुढे वाकवीत राहतो आणि थोड्याच वेळात ती तुटते. दांड्याचेही नेमके हेच होते.

हिशेब करून पाहू. चाकाचा व्यास अर्ध्या मीटरच्या आसपास धरला तर परिघ सुमारे दीड मीटर येतो. एक किलोमीटरात चाकाचे सुमारे ६५० फेरे होतात. दररोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा दांडा दिवसास २६,००० वेळा आणि २५ दिवसांत साडेसहा लाख वेळा उलटसुलट वाकतो. भार मर्यादेत असेल तर चांगले पोलाद हे वर्षानुवर्षे सोसते. भार वाढला की कोठे तरी सूक्ष्म चीर पडते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ती कणभर आत सरकते. भार दीडपट केल्याने आयुष्य दीडपटीने घटत नाही, कितीतरी अधिक पटींनी घटते.

हे ज्ञान जगास मोठी किंमत देऊन मिळाले आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला व पन्नासांहून अधिक माणसे दगावली. रोज धावणारा, वरून धड दिसणारा आस का मोडावा, हा प्रश्न त्यानंतर अभियंत्यांपुढे उभा राहिला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वारंवार भार देऊन दीर्घकाळ प्रयोग केले आणि एका वेळी सहज सोसला जाणारा भारही लाखो वेळा दिला असता पोलाद मोडू शकते, हे दाखवून दिले. या प्रकारास धातूचा थकवा म्हणतात.

दांड्याचे दुसरे मोडणे पिळाने होते. गाडी चिखलात रुतली असता एकदम पूर्ण जोर दिला जातो. विजेची मोटार तर उभ्या स्थितीतूनच पूर्ण पिळ देते. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दगडावर पकड मिळताच झटकन थांबते. तो हिसका दांड्याच्या आतल्या टोकावरील लांबट खाचांवर, म्हणजे स्प्लाईनवर, बसतो. काळ्या जमिनीच्या पाणंदीवरून पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गाडी रुतल्यास आधी माल उतरवावा, चाकाखाली फांद्या किंवा तरट घालावे आणि मग सावकाश गाडी काढावी.

भाराची मर्यादा

२०१४ साली झालेल्या केंद्रीय नियमांनुसार ई-कार्ट या वर्गातील गाडीस ३१० किलो मालाची व ताशी २५ किलोमीटर वेगाची मर्यादा घातली गेली. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर १५ क्रेटमध्ये ही मर्यादा जवळजवळ पूर्ण होते. प्रत्यक्षात २५ क्रेट आणि वर दोन माणसे चढलेली आपण पाहतो. मोठ्या तीनचाकी मालगाड्यांची क्षमता याहून अधिक, सामान्यतः अर्ध्या टनाच्या आसपास असते. आपल्या गाडीची नेमकी मर्यादा नोंदणीपुस्तकात पाहावी व ती हौद्याच्या फळीवर क्रेटच्या संख्येत रंगवून ठेवावी. माल भरणाऱ्या गड्यास किलोपेक्षा क्रेटचा हिशेब लवकर समजतो. मालगाडीत माणसे बसवू नयेत.

मोडण्यापूर्वीच्या सूचना

पुढील लक्षणे चालकाने ओळखावयास शिकले पाहिजे.

(१) आवाज : चाकाच्या बाजूने सतत घरघर येत असेल व वळणावर ती कमीजास्त होत असेल, तर बेअरिंग खराब झाले आहे. मध्यभागातून येणारा व वेगाबरोबर चढणारा रडका सूर हा डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियनची झीज किंवा तेलाची कमतरता दर्शवितो. गाडी सुरू करताना ‘टक्’ असा ठोका बसत असेल, तर स्प्लाईन किंवा हबमधील चावी ढिली झाली आहे.

(२) उष्णता : फेरी संपल्यावर दोन्ही हबजवळ हाताचा पंजा धरून तुलना करावी. प्रथम स्पर्श करू नये, कारण हब चटका बसण्याइतका तापलेला असू शकतो. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक तापत असेल तर तेथील बेअरिंग कोरडे आहे किंवा ब्रेक चिकटून राहत आहे.

(३) तेल : चाकाच्या आतल्या अंगास तेलाचे ओघळ व त्यावर चिकटलेली धूळ दिसल्यास ऑइल सील गेले आहे. हे तेल ब्रेकच्या लायनरवर गेले म्हणजे ब्रेक लागत नाही. हा दोष एक दिवसही अंगावर काढू नये.

(४) खेळ : चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. ते डगमगत असेल तर बेअरिंग तपासलेच पाहिजे.

(५) टायर : एकाच कडेने झिजणारा मागचा टायर म्हणजे हाउसिंग वाकल्याची किंवा यू-बोल्ट सरकल्याची खूण होय.

दुरुस्तीची पूर्वतयारी

काम सपाट व कठीण जमिनीवर करावे. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून किल्ली काढून घ्यावी. पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी लाकडी अडणी लावावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे व मगच जॅक लावावा. गाडी उचलल्यावर ती जॅकवर ठेवून काम करू नये. हाउसिंगखाली लोखंडी घोडे किंवा आडवे रचलेले भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटा व दगड वापरू नयेत, कारण भाराने वीट अकस्मात फुटते.

आता कोणता दांडा मोडला ते ठरवावे. दोन्ही चाके अधांतरी असताना एक चाक हाताने फिरवावे. दांडे शाबूत असतील तर दुसरे चाक उलट दिशेने फिरेल किंवा मोटार फिरल्याचे जाणवेल. चाक अगदी मोकळे फिरत असेल आणि पलीकडे काहीच हलत नसेल, तर त्या बाजूचा दांडा मोडला आहे किंवा त्याचे स्प्लाईन साफ झाले आहेत.

दांडा बाहेर काढणे

१. डिफरन्शियलखालचा बूच काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. त्यात चमकणारी कीस किंवा दात्यांचे तुकडे आढळल्यास केवळ दांडा बदलून भागणार नाही, डिफरन्शियल उघडावे लागेल. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. काढलेले तेल शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

२. चाक व ब्रेक ड्रम काढावा. ब्रेकमधील धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

३. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या पट्टीचे बोल्ट काढावेत व दांडा सरळ रेषेत बाहेर ओढावा. तो तिरका उपसल्यास सीलचे तोंड फाटते. घट्ट बसलेल्या दांड्यास पुलर लावावा. छिन्नी घालून उचकटू नये.

४. दांड्याचा आत राहिलेला तुकडा चुंबकाने किंवा तारेच्या फासाने काढावा. तो न निघाल्यास डिफरन्शियल उघडणे हाच मार्ग आहे. बाहेर काढलेले तुकडे एकमेकांस जुळवून पाहावेत. एखादी कपची कमी पडत असेल तर ती आतच आहे आणि ती नवे दाते मोडल्याशिवाय राहणार नाही.

मोडलेल्या तोंडाचे वाचन

मोडलेला दांडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याचे तोंड नीट पाहावे. पुष्कळदा त्याचे दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळपट व शिंपल्यावरील रेषांसारख्या वळ्यांचा असतो. चीर दिवसेंदिवस जशी पुढे सरकली त्याच्या या खुणा होत. उरलेला भाग उजळ व खरखरीत असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला भाग. गुळगुळीत भाग मोठा असेल तर चीर पुष्कळ दिवसांपासून वाढत होती असे समजावे. या खुणा दांड्याच्या बाहेरच्या टोकाकडे, बेअरिंगजवळ असतील तर भार, वाकलेले हाउसिंग किंवा ढिले बेअरिंग हे कारण शोधावे. आतल्या टोकाचे स्प्लाईन पिळवटलेले असतील तर हिसका हे कारण होय. कारण न शोधता नवा दांडा घातला तर तोही त्याच वाटेने जाईल.

वेल्डिंग का करू नये, हेही येथेच समजून घ्यावे. हा दांडा विशिष्ट पोलादाचा असून त्यास तापवून व थंड करून ठराविक कठीणपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा कोठे ठिसूळ तर कोठे नरम होतो. वरून लेथवर कितीही गुळगुळीत केला तरी हा दोष आत राहतो. नवी चीर तेथूनच सुरू होते. माझ्याजवळचा तो तुकडा जोडावर नव्हे, जोडाच्या शेजारीच मोडलेला आहे.

नवा दांडा बसविणे

नवा दांडा जुन्याशी ताडून घ्यावा. लांबी, स्प्लाईनची संख्या व बेअरिंगच्या जागेचा व्यास ही तिन्ही जुळली पाहिजेत. पुष्कळ गाड्यांत डावा व उजवा दांडा निराळ्या लांबीचा असतो, म्हणून बाजू सांगूनच माल घ्यावा.

दांडा बसविण्याआधी हाउसिंग तपासावे. दोन्ही रिममधील अंतर हबच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे, तसेच वर व खालीही मोजावे. मापांत स्पष्ट फरक आढळल्यास हाउसिंग वाकले आहे. अशा नळीत घातलेला दांडा प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो. ते काम जाणत्या कारखान्याकडे न्यावे. पाटे तुटलेले नाहीत व मधला बोल्ट शाबूत आहे, हेही पाहावे.

बेअरिंग व सील नवीनच घालावे. बेअरिंग दांड्यावर बसविताना दाब आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारल्यास गोळ्यांचे वळे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. प्रेस उपलब्ध असेल तेथे ती वापरावी. सीलचे ओठ तेलाच्या बाजूस ठेवावे, त्यास थोडे तेल लावावे आणि लाकडी ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकून बसवावे. दांडा हाताने फिरवीत आत सरकवावा. तो स्प्लाईनमध्ये सहज बसला पाहिजे, ठोकून बसवू नये. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. हबच्या नटास स्प्लिट पिन असल्यास ती नवी घालावी.

तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच घालावे; पुष्कळ गाड्यांस ९० क्रमांकाचे गिअर तेल चालते. पातळीच्या छिद्रापर्यंत तेल भरावे, अधिक भरू नये. हाउसिंगवरील श्वासछिद्र तारेने साफ करावे. ते मातीने बुजले म्हणजे गरम हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. वरचेवर सील जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यानंतर गाडी रिकामी दोन-तीन किलोमीटर चालवावी, दोन्ही हबची उष्णता ताडून पाहावी व ब्रेक तपासावा. पन्नास किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट व यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

कोणी काय करावे?

आवाज, उष्णता, तेलाचे ओघळ, नट-बोल्ट व श्वासछिद्र यांची पाहणी शेतकऱ्याने स्वतः आठवड्यातून एकदा करावी. त्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. दांडा, बेअरिंग व सील बदलणे हे हत्यारे असलेल्या जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. त्या वेळी मालकाने जवळ उभे राहून मोडलेले तोंड स्वतः पाहावे. डिफरन्शियलमधील दात्यांची जुळणी व हाउसिंग सरळ करणे ही कामे अनुभवी कारखान्यातच करवून घ्यावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती अशी की, द्राक्ष व टोमॅटोच्या हंगामापूर्वी गावातील तीनचाकी गाड्या एका दिवशी एकत्र बोलावून तपासणीचे प्रात्यक्षिक घ्यावे. मिस्त्री व गाडीवान दोघांनाही बोलवावे. चार-पाच गाड्या मिळून एकाच बनावटीच्या असतील, तर मालकांनी एक डावा व एक उजवा दांडा, दोन बेअरिंगे व दोन सील सामाईक खर्चाने आणून ठेवावीत. माल तयार आणि दांडा चार दिवस दूर, अशी वेळ आली म्हणजेच माणूस वेल्डिंगचा मोह धरतो. सुटा भाग गावात असेल तर तो मोह उरत नाही.

बैलगाडीचा आख कुरकुरला की आपले वाडवडील वाटेतच थांबून वंगण देत असत. तीच सवय या नव्या गाडीसही लावली पाहिजे. घरघर ऐकू आली की त्याच दिवशी चाक उचलावे, आणि मोडलेला दांडा जोडून घेण्याऐवजी एक फेरी शेजाऱ्याच्या गाडीने करावी.